नव्या अल्बमसाठी सव्वाचार लाख कुठून आणायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. वय सत्तावीस, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला नोकरी, संध्याकाळी गाणं. आठ गाणी तयार आहेत. त्यातली सहा तुम्ही स्वतः लिहून चाली लावलेली, एक माधव जूलियनांची कविता, एक आजच्या एका कवीची. मुंबईच्या स्टुडिओने सगळं मिळून सव्वाचार लाख सांगितलेत. आणि तुमचं विचारणं असं की क्राउडफंडिंग करू, पर्सनल लोन काढू, की नोकरी सोडून वर्षभर याच्याच मागे लागू?

मी बडोद्याचीच. दांडिया बाजारात वाढले, सूरसागरासमोरच्या कॉलेजात गाणं शिकले, सतरा नवरात्रं गरब्याच्या स्टेजवर काढली, आधी कोरसमध्ये आणि मग दुसरी गायिका म्हणून. दिवसा शिकवण्या. स्वतःचे तीन अल्बम काढले. पहिल्याने कर्जात घातलं, दुसरा मोडता मोडता पुरा झाला, तिसऱ्याचा हिशेब जवळजवळ जुळला. खालचं सगळं या तिघांच्या जिवावर सांगतेय. तुमची गाणी लॅपटॉपवरच्या प्रोग्रामिंगची असतील तर माझे आकडे तुम्हाला निम्मेही लागणार नाहीत. सारंगी, तबला, व्हायोलिन माणसं बसवून वाजवून हवं असेल तर जास्त लागतील. घरी कुणाचं आजारपण, घराचा हप्ता असं काही असेल तर शेवटाकडचा नोकरीवरचा भाग आधी वाचा.

तुमच्या पत्रात पैशाचा उल्लेख सात-आठ वेळा आहे. ही आठ गाणी आजवर किती माणसांनी समोर बसून ऐकलीत, हे मात्र एकदाही नाही. मला तिथेच खटकलं.

पहिल्या अल्बमच्या वेळी, २०११ साली, मीही हेच केलं होतं. गाणी वहीत होती, गळ्यात होती, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलेली होती. बँकेकडून अडीच लाख उचलले, महिन्याला साडेआठ हजारांचा हप्ता, छत्तीस महिने. स्टुडिओत पोचल्यावर कळलं की तिसऱ्या गाण्याचा अंतरा काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीत, मला पेलत नाही. घरी हळू आवाजात गुणगुणताना तो छान लागायचा. हेडफोन लावून, लयीच्या टिकटिकीवर, पूर्ण आवाज सोडून गायले तेव्हा वरचा षड्ज चिरकला. पट्टी काळी चारवर आणायची म्हणजे आधी वाजवून झालेलं सगळं परत वाजवायचं. वादक कॉफी पीत बसलेले, मीटर चालू. त्या एका गाण्याला नऊ तास गेले. ठरवलेल्या वेळेपेक्षा अकरा तास जास्त गेले आणि उरलेल्या गाण्यांचं मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायचं काम, घाईत उरकावं लागलं. पुढची तीन वर्षं हप्त्यासाठी मिळेल त्या लग्नाचं संगीत गायले. नवीन चाल एकही सुचली नाही. हजार सीडी काढल्या होत्या, त्यातल्या सहाशे अजून माळ्यावर आहेत. काही आईने बाल्कनीत दोरीला बांधल्यात, कबुतरं येत नाहीत.

हे मला आधी एकाने सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही. आमच्या ग्रुपमधला ढोली. नवरात्रात मध्यंतराला स्टेजच्या मागे चहा पिताना मी त्याला तेच तिसरं गाणं मोठ्या हौसेने ऐकवलं. त्याने मान डोलावत ऐकलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘बेन, आ गीत हजी काचुं छे.’ म्हणजे गाणं अजून कच्चं आहे. मला राग आला. याला मराठी कविता काय कळणार, असं मनात आलं. त्याला कविता कळायची गरजच नव्हती. माझा श्वास कुठे अडतोय ते त्याला दिसत होतं.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी मी उलट्या बाजूने सुरुवात केली. दीड वर्ष स्टुडिओचं नाव काढलं नाही. घरगुती मैफली केल्या, एकूण अकरा. पंचवीस ते चाळीस माणसं, एक तबला, एक गिटार, माईक नाही. पहिली कारेलीबागेत एका विद्यार्थिनीच्या घरी झाली. चपला दारापासून खालच्या जिन्याच्या वळणापर्यंत. गायला बसले तर काहीतरी सतत बेसूर वाजतंय. तानपुऱ्याचं ॲप तपासलं, ते ठीक. शेवटी तबलजीने बोट दाखवलं, फ्रीज. फ्रीजची घरघर माझ्या षड्जाच्या किंचित खाली लागत होती. यजमानीणबाईंनी तो बंद केला, आणि मैफल संपेपर्यंत सगळ्यांसाठी केलेल्या श्रीखंडाचं पियुष झालं. लोकांनी वाट्या तोंडाला लावून प्यायले.

तिथेच शेवटी एक आजी जवळ आल्या. हातात पाचशे एकचं पाकीट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘चाल गोड आहे गं, पण त्या दुसऱ्या ओळीत शब्द का तोडतेस?’ घरी येऊन पाहिलं तर खरंच, मी श्वासासाठी एका चार अक्षरी शब्दाच्या मधोमध थांबत होते. दोन वर्षं गात होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं. अर्धी मात्रा अलीकडे उचललं आणि ओळ सरळ झाली. अकराव्या मैफलीपर्यंत दहातली चार गाणी मी स्वतःच गाळली, कारण प्रत्येक ठिकाणी ती चालू असताना माणसं पाण्याचा ग्लास शोधायला लागायची. सहा उरली. त्या सहांची पट्टी, लय, कडव्यांचा क्रम, शेवट कुठे करायचा, सगळं ठरलेलं होतं. स्टुडिओत सहा गाण्यांचे सगळे ट्रॅक मिळून सेहेचाळीस तास लागले आणि त्यातला एकही तास चर्चेत गेला नाही.

आता आकडे. बडोद्यातलाच स्टुडिओ, तासाला आठशे, म्हणजे ३६,८००. वादक ५८,०००. अरेंजिंग (कुठलं वाद्य कुठे वाजेल ते ठरवणं) आणि प्रोग्रामिंग ३०,०००. मिक्सिंग गाण्याला पाच हजारांप्रमाणे ३०,०००, मास्टरिंग, म्हणजे त्यावरचा शेवटचा हात, ९,०००. फोटो आणि कव्हर १२,०००. गाणी ॲप्सवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची फी ३,०००. रिक्षा, जेवणं, एका वादकाचं अहमदाबादहून येणं-जाणं, ७,२००. एकूण १,८६,०००. तुम्हाला मिळालेला सव्वाचार लाखांचा आकडा खोटा नाही, पण त्यात अरेंजरने तुमच्यासाठी विचार करण्याची किंमत बहुधा धरलेली आहे. तो विचार तुम्ही आधीच केलेला असेल तर आकडा खाली येतो. कोटेशन एकत्र घेऊ नका, बाबवार मागा. मुंबईला फक्त मिक्सिंग पाठवता येतं, तुम्ही जायची गरज नसते.

पैसे आले ते असे. अकरा मैफलींतून वादकांची बिदागी देऊन उरलेले ७१,५००. एका नवरात्राच्या मानधनातून बाजूला काढलेले ६०,०००. आणि मग, सगळ्यात शेवटी, ज्यांनी मैफलीत गाणी ऐकली होती त्यांनाच मेसेज पाठवून आगाऊ नोंदणी: पाचशे रुपये, शहाण्णव माणसं, ४८,०००. साडेसहा हजार कमी पडले, ते खिशातून घातले. मैफलींना तिकीट ठेवलं नव्हतं. दाराशी पितळी डबा ठेवायचे आणि यजमान सुरुवातीलाच एका वाक्यात सांगायचे की हे पैसे रेकॉर्डिंगला जाणार. गायिकेने स्वतः सांगू नये, अवघडल्यासारखं होतं आणि पहिलं गाणं त्यातच वाया जातं.

क्राउडफंडिंगबद्दल माझं मत यातून कळलंच असेल. ते चालतं, पण ते ओळख निर्माण करत नाही. असलेली ओळख गोळा करतं. ज्यांनी तुमचं गाणं कधी ऐकलं नाही ते कॉलेजच्या मित्राच्या नात्याने हजार रुपये देतील, एकदाच. दुसऱ्या अल्बमला मी अशीच मोहीम काढली होती. चाळीस दिवस गाणं सोडून फक्त आठवणीचे मेसेज पाठवत होते. पैसे देणाऱ्यांना काय काय देऊ केलं होतं ते वाचून आज हसू येतं: सही केलेली सीडी, हाताने लिहिलेली कविता, घरी येऊन एक गाणं. घरी जाऊन गायचं राहिलेलं एक ऋण अजून डोक्यावर आहे, ते गृहस्थ भेटले की मी रस्ता बदलते.

कराचा मुद्दा लोक हमखास विसरतात, तुम्ही अकाउंट्सचे म्हणून सांगते. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या रोख भेटी एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर सगळी रक्कम करपात्र होते, फक्त वरची नव्हे. त्यापेक्षा आगाऊ विक्री म्हणून घ्या, पावती द्या, स्टुडिओची आणि वादकांची बिलं जपून ठेवा. मग ते धंद्याचं उत्पन्न आणि खर्च वजा करता येतो. शिवाय आपल्याकडे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत असतंच. त्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल आणि पैसे देणगी म्हणून येत असतील तर परदेशी देणग्यांचा कायदा मधे येतो. आधी सीएला विचारा, मग क्यूआर कोड पाठवा.

हक्कांचं. माधव जूलियन बडोद्यातच जन्मले, १८९४ साली, आणि १९३९ मध्ये गेले. त्यांच्या कवितेवरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, निर्धास्त चाल लावा; फक्त पाठ एखाद्या चांगल्या आवृत्तीवरून पडताळून घ्या. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणून मर्ढेकर २०१७ पासून मोकळे झाले, पण कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितेला २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. आजच्या कवीची जी कविता तुम्ही घेतलीत, त्यांचं ‘अरे गा की, त्यात काय’ पुरेसं नाही. एक पान लिहून घ्या: कुठली कविता, कशासाठी, किती वर्षांसाठी, रॉयल्टीत कुणाचा किती वाटा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी, किंवा लंडनमध्ये कुणी ऐकलं की, प्रश्न उभा.

तुम्ही लिहिलंय की एक मित्र सगळा खर्च उचलायला तयार आहे, ‘नंतर बघू’ म्हणतोय. इथे जपा. ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार घेऊन जबाबदारी उचलतो तो कायद्याने निर्माता, आणि ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो. बिलं त्याच्या नावाची, स्टुडिओचं बुकिंग त्याचं, तर उद्या मैत्री बिघडल्यावर तुमच्याच आवाजाच्या फाइल्स त्याच्या. त्याचे पैसे उसने म्हणून घ्या किंवा ठराविक टक्के वाटा म्हणून घ्या, पण लिहून घ्या. मला एका कंपनीने दुसऱ्या अल्बमसाठी चाळीस हजार एकरकमी देऊ केले होते, बदल्यात सगळे हक्क कायमचे. पाकीट दिसत असलं की कागदावरचा ‘कायमचे’ हा शब्द डोळ्यांना दिसत नाही. मला माझ्या नवऱ्याने दाखवला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजी काढून घेता येत नाही, पण तो वसूल करायला नाव नोंदलेलं लागतं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या, गीतकार म्हणूनही आणि संगीतकार म्हणूनही, कारण तुमच्या सहा गाण्यांत तुम्ही दोन्ही आहात. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा कोड लागतो. तो बहुतेक डिस्ट्रिब्यूटर स्वतःच देतात, तुम्ही फक्त वहीत उतरवून ठेवा. डिस्ट्रिब्यूटर बदलताना कोड बदलला तर आधीच्या ऐकण्यांची मोजणी तुटते.

ॲप्सवरून खर्च निघेल या भरवशावर राहू नका. माझं सगळ्यात जास्त चाललेलं गाणं सव्वा लाख वेळा ऐकलं गेलं, हातात नऊ हजारही पडले नाहीत. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या ट्रॅकला बारा महिन्यांत हजार ऐकणी झाली नाहीत तर त्याचं काहीच मिळत नाही. ॲप्सवर गाणी हवीतच, कारण मैफलीला बोलावणारा आधी तिथे ऐकतो. बँडकॅम्प या थेट विक्रीच्या साइटवर डिजिटल विक्रीतून ते पंधरा टक्के ठेवतात, पेमेंटची फी वेगळी, बाकी तुमचं. माझे तिथले गिऱ्हाईक मोजून तीस आहेत, पण ते अल्बमची किंमत देतात.

सरकारी मदतीचं विचारलंत. संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिप आहेत, चाळीसच्या आतल्यांसाठी कनिष्ठ, महिन्याला दहा हजार, दोन वर्षं. पण ती अभ्यासाच्या प्रकल्पासाठी असते, अल्बम काढण्यासाठी नव्हे. माधव जूलियन आणि बडोद्याची मराठी कविता असा काही विषय खरंच मनात असेल तर करा अर्ज, नुसत्या पैशासाठी नको. ज्या गावात १८८६ साली संस्थानाच्या आश्रयाने गायनशाळा निघाली, जिथे फैयाज खाँसाहेब दरबारचे गायक होते, तिथल्या आपल्या लोकांना अजून वाटतं की कुणीतरी एक मोठा माणूस सगळं उचलेल. माझ्या वाट्याला आलेले सयाजीराव पाचशे रुपयांचे होते, शहाण्णव.

नोकरी. सोडू नका. कायमची म्हणत नाही. पण आज सोडलीत तर पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही गाणं करणार नाही, पुढच्या महिन्याच्या भाड्याचा विचार करत पडेल ते काम घ्याल. मी केलंय. अल्बम बाहेर पडल्यावरचे सहा महिने खरे धावपळीचे असतात, बोलावणी त्या काळात येतात, सुट्टी तेव्हासाठी साठवा. आणि कर्जाचं म्हणाल तर चांगला माईक किंवा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) घ्यायला छोटं कर्ज ठीक, ती वस्तू पुढची दहा वर्षं कमावते. ध्वनिमुद्रणासाठी कर्ज घेऊ नका.

फाइल्स दोन ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या मजल्यांवर. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी चढली तेव्हा माझ्या एका मित्राचा तळमजल्यावरचा स्टुडिओ कमरेपर्यंत बुडाला. हार्डडिस्क कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बॅकअपची डिस्क तिच्याच शेजारी.

आता वेळापत्रक. नवरात्राचे पैसे हातात आले की लगेच स्टुडिओ बुक करायचा मोह होतो. दुसऱ्या अल्बमला मी दसऱ्यानंतर आठव्या दिवशी गायला उभी राहिले. नऊ रात्री रोज तीन-साडेतीन तास गायलेला गळा. डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं आणि स्टुडिओचा पंधरा हजारांचा बयाणा गेला. तुम्ही गरबा गात नसलात तरी तुमचे वादक वाजवतात, त्यांची बोटं आणि खांदे कोजागिरीपर्यंत ठिकाणावर नसतात. उलट कोजागिरी मैफलीला उत्तम: गच्ची, दूध, बसलेली माणसं आणि फ्रीज खालच्या मजल्यावर. म्हणून आत्तापासून नवरात्राआधी दोन मैफली करा, आठही गाणी गा, कुठे माणसं चुळबुळतात ते वहीत लिहा. कोजागिरीला तिसरी. डिसेंबरात वादक लग्नांत अडकलेले असतात, तेव्हा घरी पट्टी आणि लय पक्की करून स्क्रॅच, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, करून ठेवा. स्टुडिओ फेब्रुवारीत घ्या. जानेवारीत मिळत असला तरी १४ आणि १५ तारीख सोडून घ्या, कारण उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, शेजारच्या गच्चीवरचा भोंगा काचेच्या दोन थरांतूनही तुमच्या टेकमध्ये शिरतो.